नऊ नंबरच्या खोलीची किल्ली

परभणी,
दि. २ डिसेंबर १९८२

चि. सौ. रुख्मिणीस,

अनेक आशीर्वाद आणि एक तक्रार. तक्रार आधी सांगतो, कारण आशीर्वाद ठेवले तर नासत नाहीत.

तक्रार अशी, की मुंबईहून पणजीला जाणाऱ्या बोटीवर, शेकडो उतारूंदेखत, तू माझ्या गळ्यात परकराच्या लाल नाडीत ओवून खोलीची किल्ली बांधलीस. किल्लीला पितळेचा बिल्ला, बिल्ल्यावर नऊचा आकडा, आणि वजन असे की पोळ्याच्या बैलानेही मान हलवून नाराजी कळवली असती. वीस वर्षे संस्कृत शिकवणारा मनुष्य त्या वेषात डेकवर उभा होता. एका बाईंनी मला बोटीवरचा नोकर समजून गरम पाणी मागितले. मी आणून दिले. गळ्यात बिल्ला असला की आज्ञाधारकपणा आपोआप येतो.

तुझ्या माणिकरावांना रेल्वेचा पास, मला शाळेची रजा-सवलत, म्हणून दिवाळीत दोन्ही घरांनी मिळून समुद्र पाहावा, ही कल्पना माझीच होती. पण आठ नंबरात बायका नि कस्तुरी, नऊ नंबरात पुरुष नि पोरे, दोन खोल्या, दोन किल्ल्या आणि चार लेकरे, हे गणित मी केले नव्हते. आमच्या दोन चिरंजीवांना घरी दार लावून घे म्हटले तर हात दुखतात. तिथे उघड-लाव, उघड-लाव हा एकच धंदा. तुझी कस्तुरी नऊ वर्षांची, पण फौजदार. दर थोड्या वेळाने येऊन माझ्या गळ्याची झडती घेई.

आणि एवढे करून शेवटी घोटाळा माझ्याच हातून. जेवणानंतर मी हात धुवायला बाहेर पडलो. मानेला जरा विसावा म्हणून किल्ली आतल्या बाजूने कुलपात ठेवली होती. आत तुझा नरहरी एकटा. परत येतो तो दार बंद! साडेचार वर्षांच्या पोराला कुलूप फिरवता आले, याचा मामा म्हणून मला क्षणभर अभिमानच वाटला. मग हाका सुरू झाल्या. आधी मी, मग तू, मग माणिकराव, मग ज्यांचा काही संबंध नव्हता अशी मंडळी. तू नेहमीप्रमाणे पाय आपटलास. दार इतके बडवले की वरून कोणी विचारायला आले, बोट कशाला धडकली का म्हणून.

बोटीवरचा माणूस दुसरी किल्ली घेऊन आला, पण आतली किल्ली भोकात असल्याने ती शिरेना. शेवटी त्याने तारेने आतली ढकलली. मी दाराच्या झडपेतून पाहत होतो. किल्ली बिल्ल्यासकट लोखंडी जमिनीवर पडली. परात आपटावी असा आवाज झाला. आमचे नरहरी महाराज वरच्या बाकावर मांडी घालून, आमच्याकडे पाठ करून, गोल खिडकीतून समुद्र पाहत होते. मान तसूभर हलली नाही. समाधी म्हणतात ती हीच. इतकी वर्षे फळ्यावर समजावतो आहे, पाहिली प्रथमच. दार उघडले, भिंतीवर उजेड पडला, तेव्हा तो वळला आणि पाहुणे आल्यासारखा आम्हा सर्वांकडे पाहून हसला.

त्या हसण्यावरच माणिकरावांनी थप्पड दिली. त्यांना दोष देत नाही. घाबरलेल्या बापाचा हात आधी उठतो. पोर रडायचे विसरले. खाली उतरले, जमिनीवरची किल्ली उचलली आणि बापाच्या हातात दिली.

इति किल्लीपुराण. तुझी वहिनी मनकर्णा म्हणते, हे पुराण पुरे करून मुद्द्याचे विचारा. मुद्द्याचे असे, की नरहरीने काही शब्द काढला का? समुद्राच्या वाऱ्याने जीभ सुटते, असे तुझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या. एखादे ‘आई’ जरी निघाले असेल तरी लगेच कळव.

लोभ आहेच, तो कुलपात ठेवू नकोस.

तुझा,
दिनकरदादा

---

पूर्णा,
दि. ११ डिसेंबर १९८२

ती. दादांच्या पायावर डोकं ठेवून रुख्मिणीचा नमस्कार.

तक्रार पोचली, आशीर्वाद शोधायलेय. किल्ली तुमच्या गळ्यात बांधली न्हाई तर कुठं बांधायची? औंढ्याच्या देवळातून तुमी दुसऱ्याच्या चपला घालून आलता, आणि त्याबी दोन्ही डाव्या पायाच्या, हे मला वहिनींनी सांगितलंय. तुमच्या हातात किल्ली दिली असती तर आज मासे दार उघडत बसले असते.

दादा, शब्द अजून न्हाई. वेखंड मधात उगाळून रोज चाटवते. पोपटानं चोच मारलेला पेरू खाऊ घातला. सासूबाई म्हणतात, हेबी पाच वर्षांचे होईस्तोवर बोलले नव्हते, आणि आता शिट्टीबिगर बोलत न्हाईत, गार्ड ना! पण जूनमध्ये त्याला शाळेत घालायचं. मास्तरनं नाव विचारलं तर कोण सांगणार, याचा मला घोर लागलाय.

शनिवारी पोखर्णीला जाऊन आलो. त्याचं नावच त्या नरसिंहाचं, तर त्यालाच गाऱ्हाणं घातलं. सासूबाईंनी त्याला मोठ्या घंटेखाली बसवलं. घंटेचा नाद कानातून जिभेवर उतरतो म्हणतात. यांनी लय जोरात घंटा वाजवली. बाकीची लेकरं कानावर हात ठेवून पळाली, आणि आपला पठ्ठ्या मांडीवर नारळ घेऊन त्याची शेंडी उपटत बसला. जराबी दचकला न्हाई. लय धीट हाय दादा. सासूबाईंनी तिथंच त्याची दृष्ट काढली.

कान तर त्याचे आपल्यापेक्षा तेज. आमचं क्वार्टर रुळाला लागून, तुमाला म्हाईतच हाय. गाडी शिट्टी द्यायच्या आधी हा खिडकीत जाऊन उभा. यांना म्हणते, तुमच्या आधी याला टाइम कळतो. आणि मी एकदा पाय आपटला की असेल तिथून धावत येतो. दुसऱ्या कुणी कितीबी हाका मारा, ढिम्म. आईचंच ऐकतं पोरगं, हे वहिनींना सांगा, त्यांच्या दोघांना जरा लाज वाटू द्या.

तुमच्या किल्लीचा मात्र त्यानं नवा खेळ केलाय. घरात कुणाचं तोंड वाकडं झालं की हा पळत जातो, कपाटाची किल्ली काढून आणतो आणि त्याच्या हातात ठेवतो. परवा सासूबाई दूधवाल्यावर तापल्या, तर त्यांच्या हातात किल्ली! कस्तुरी तर हसून हसून लोळली.

संक्रांतीला या. कस्तुरीला मांडीवर घेऊन श्लोक शिकवले तसे यालाबी शिकवा. तुमच्या आवाजात लेकरं लवकर धरतात. वहिनींना तिळगुळाआधीच गोड बोलायला सांगा, आणि माझ्यावर माया हाय तेवढी राहू द्या.

तुमची,
रुख्मिणी

---

परभणी,
दि. १६ डिसेंबर १९८२

चि. सौ. रुख्मिणीस,

आशीर्वाद. चपला दोन्ही उजव्या होत्या. बाकी तुझे सगळे मान्य.

तुझे पत्र मी दोनदा वाचले, मग मनकर्णेला वाचून दाखवले. पोखर्णीचा मजकूर आला तिथे तिने भाजी निवडणे थांबवले.

मागे मी तुझ्या क्वार्टरमध्ये मुक्कामाला होतो तेव्हाचे आठवते. गाडी यायच्या आधी तुझ्या फळीवरची भांडी थरथरतात. पाण्याच्या तांब्यात वर्तुळे उठतात. शिट्टी मागून येते. त्या भांड्यांना कान आहेत, असे मी म्हणणार नाही.

बोटीवर तू पाय आपटलास आणि तो आला नाही. घरी येतो. बोटीवर मात्र इंजिनमुळे सगळी जमीनच सारखी हादरत होती, आणि तो वर बाकावर बसला होता.

एक काम कर. तो बाजेवर मांडी घालून खेळत असेल, पाय जमिनीला लागत नसतील, तेव्हा मागच्या बाजूला जा. तुझी सावली त्याच्यापुढे पडू देऊ नकोस. पाय आपटू नकोस. नुसती हाक मार. मग थाळी वाजव. काय होते ते जसेच्या तसे लिही.

मी चूक ठरावे, आणि तू मला पुढच्या पत्रात मनसोक्त झोडपावेस, एवढेच मागणे.

तुझा,
दादा

---

पूर्णा,
दि. २७ डिसेंबर १९८२

ती. दादांस नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी केलं न्हाई. दुसऱ्या दिवशीबी न्हाई. पत्र डब्यात ठेवलं. तुमचा लय राग आला होता.

रविवारी तो बाजेवर चिंचोके मांडत बसला होता. मागून हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग थाळी वाजवली, उलथण्यानं. शेजारचे दत्तराव काय झालं म्हणून बाहेर आले. नरहरी वळला न्हाई. मी पाय आपटला, तरी न्हाई. माझाच पाय दादा. मग पुढं जाऊन बसले, तर माझ्याकडं बघून हसला. मी रडायलेय बघून बाजेवरून उतरला, आणि किल्ली आणून दिली.

हे ड्यूटीवरून आले, त्यांना सांगितलं. जेवले न्हाईत. मग गाडीवरचे झेंडे घेऊन अंगणात गेले. हिरवा दाखवला की नरहरी पळायचा, लाल दाखवला की थांबायचा. हे कुणी त्याला शिकवलं न्हाई, खिडकीतून बघून बघूनच शिकला असेल. नरहरीला वाटलं खेळ हाय, लय हसत होता. अंधार पडून रंग दिसेनासा झाला तरी यांचा हात थांबेना. शेवटी कस्तुरीनं जाऊन झेंडे काढून घेतले.

सासूबाई म्हणतात, घंटा अजून एकदा वाजवू. मी नको म्हटलं न्हाई. त्यांना तेवढंच हाय.

तुमच्या मनात काय हाय ते लिहा. विनोद नको, संस्कृत नको. साधं लिहा.

रुख्मिणी

---

परभणी,
दि. ३१ डिसेंबर १९८२

चि. सौ. रुख्मिणीस,

आशीर्वाद. साधे लिहितो.

त्याला ऐकू येत नाही. बहुधा जन्मापासून येत नसावे. औरंगाबादला कानाचे डॉक्टर आहेत. संक्रांत झाली की तू, मी आणि माणिकराव त्याला घेऊन जाऊ. रजा मागितली आहे. काही ऐकू येत असेल तर ते सांगतील, यंत्र असते म्हणतात. अशा मुलांची शाळा कुठे आहे याची मी चौकशी करतो आहे. सासूबाईंना खुशाल घंटा वाजवू दे. तू स्वतःला बोल लावू नकोस. रुळाशेजारच्या घरात कोणीही फसले असते.

श्लोक मी शिकवणार नाही. दिवाळीत त्याला मांडीवर घेऊन म्हणत होतो, तेव्हा त्याने सगळा वेळ माझ्या छातीवर पंजा ठेवला होता. मला वाटले, लाडात आला आहे. आता येईन तेव्हा त्याला वाटेल तेवढा वेळ नुसता बसेन. माझ्याकडे आवाजाखेरीज द्यायला काय आहे, हे मला अजून कळलेले नाही. पाहीन शोधून.

माणिकरावांना सांग, झेंडे दाखवत राहा. मला सुचले नाही ते त्यांना सुचले.

तू मनातले विचारलेस. तो बोलणार नाही, ही माझी खरी भीती नाही. माझ्या डोळ्यांपुढून ती बोटीवरची खोली हलत नाही. आपण सगळे दाराबाहेर ओरडत होतो आणि तो सुखाने समुद्र पाहत होता. आपण दिसलो म्हणून हसला, आणि मार खाल्ला. का, ते त्याला आजही माहीत नाही. किल्लीमुळे असावा, असा त्याने आपल्या परीने अंदाज बांधला. म्हणून तो घरात प्रत्येक रागावलेल्या माणसाला किल्ली नेऊन देतो, आणि आपण हसतो.

उद्या शाळेत, बाजारात, कुठेतरी कोणी त्याला हाक मारील. हा वळणार नाही. पोरगे मुजोर आहे असे समजून तो माणूस हात उचलील. तिथे तू नसशील, मी नसेन. आणि हा आपला खिशात किल्ली शोधत उभा राहील.

मला त्या क्षणाची भीती वाटते, रुख्मिणी.

तुझा,
दादा