बाजेची दोरी

वैशाख वद्य पंचमी, शके १८५६. धरणगाव

आजच्या वादळात माझ्या कुरडया गेल्या. त्याचं काही नाही. नणंदेला वादळ आधी कळलं, ते मात्र मनातून जात नाही.

दुपारी गल्लीतल्या बायकांनी नेहमीसारखं मला विचारलं, पाऊस येईल का. मी वर्तमानपत्र वाचून सांगितलं, हवा कोरडी राहील. तेवढ्यात माहेरपणाला आलेल्या चंद्रावन्संनी अंगणातल्या बाजेची दोरी अंगठ्याने दाबून पाहिली.

"वहिनी, कुरडया बठ्ठ्या उचली ले. वादय येवाव शे."

"पेपरापेक्षा बाज शहाणी का हो, वन्सं?" मी म्हटलं. बायका हसल्या, पण धाब्याच्या छतावरच्या कुरडया त्यांनी उतरवल्या. माझ्या तेवढ्या राहिल्या. तासाभरात गारा.

कुणी शिकवलं, म्हणून मग विचारलंच.

"दादानी. दोरी ताठ व्हयनी म्हंजे हवामां पानी शे."

म्हणजे ह्यांनी बहिणीला शिकवलं. मला का नाही? हे जाईपर्यंत अकरा वर्षं संसार केला. पुस्तकं वाचते म्हणून कौतुक करायचे, आणि एवढीशी गोष्ट मला सांगितली नाही? जळते मी, खोटं कशाला लिहू.

पण ती दोरी. उन्हाळ्यात ते रोज दाबून बघत. मला वाटे, बाज सैल झाली. मग मी पाय रोवून दोरी ओढायची आणि घट्ट करून ठेवायची. ते नुसते बघत राहायचे. त्यांची खूण मी दर वेळी मोडत होते आणि ते एका शब्दाने बोलले नाहीत.

आता बाज सैल करून आले. यापुढे ओढायची नाही.