भेग क्र. १

१२ एप्रिल.
निर्णय झाला. स्वयंपाकघर मी स्वतः नवं करणार. बांधकाम खात्यात एकतीस वर्षं फाइली हाताळल्या, आता रिटायर झाल्यावर गवंड्यांच्या मागे फिरणं शोभत नाही. बायको, शकुन, सव्वीस वर्षं त्या बुटक्या ओट्यावर वाकून पोळ्या लाटते आहे, कंबर गेली तिची. अकरा मेला मुलीचं, खुशीचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, घरीच आहे. मुलाकडचे अकोल्याचे पाहुणे नवा ग्रॅनाइटचा ओटा बघतील. शकुनला शब्द दिला. ती म्हणाली, पहिले न्हाणीतला नळ दुरुस्त करा, दोन वर्सं झाले गळून राहिला. विषयांतर.

१५ एप्रिल.
जुना ओटा एका दिवसात फोडला! फोडण्याचं काम माझ्या हाताला बसतं. शेगडी तात्पुरती व्हरांड्यात. चार दिवसांचा प्रश्न.

२१ एप्रिल.
पारा ४४. स्वयंपाकघराच्या खिडकीला बाहेरून स्टँडवर कूलर बसवला. डोकं थंड तर काम चोख. टाकी थोडी गळते, पण भिंतीशी चिखल होत नाही, जमीन सगळं पिऊन घेते. इथे प्लॉट पडण्यापूर्वी कपाशीचं शेत होतं. काळी माती, उन्हाने हातभर भेगाळलेली. पिऊ दे बिचारीला.

२४ एप्रिल.
ग्रॅनाइट अडकवायला खिडकीखाली आडवी खाच मारली. भिंत चार इंची, खाच दोन इंची. निम्मी भिंत शिल्लक आहे, पुरे. तिथे केसाएवढी भेग दिसली. सवयीने फाइल उघडली: 'भेग क्र. १'. दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण, तारीख, सही. शेरा: गंभीर नाही.

२६ एप्रिल.
शकुनने परस्पर नत्थुजींना बोलावलं. शेजारी राहतात, जुने गवंडी, आता गुडघे गेलेत. भिंतीवर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग बाहेर जाऊन मातीत काडी खुपसली. म्हणाले, साहेब, काळी माती पानी पेली का फुगते, भितीले उचलते. कूलर इथं काहून लावला? आजच हटवा. मी म्हटलं, मग उन्हाळ्यात काय शेकोटी लावू? ते हसले नाहीत. जाताना शकुनशी हळू आवाजात काही बोलले. मला आवडलं नाही.

३० एप्रिल, दुपारी.
भेग खुणेच्या पुढे. खूण चुकीच्या जागी केली असणार. नवी खूण. पुट्टी भरली.

२ मे.
पुट्टी फाटली. ब्रँड बदलावा लागेल. स्वयंपाकघराचं दार लागत नाही, वर घासतं. लाकडाला ऊन बाधतं.

४ मे.
ग्रॅनाइट बसला! काळाभोर, आरशासारखा. लेव्हलच्या नळीतला बुडबुडा तेवढा सारखा खिडकीकडे पळतो. हल्ली चांगली अवजारं मिळत नाहीत. शकुन उंबऱ्याच्या आत आली नाही. तिथूनच म्हणाली, छान हाय.

७ मे.
नळाला तीन दिवसांआड पाणी, तरी कूलरला रोज सहा बादल्या. भेगेत पाल शिरली. बाहेर जाऊन बघितलं तर तिकडून निघाली. व्हेंटिलेशन. भेगेवर टाइल्स लावून टाकल्या. आता पाहुण्यांना काही दिसायचं नाही.

९ मे, दुपारी ३.
टाइल्सच्या मागून टक् असा आवाज. थोड्या वेळाने पुन्हा. शकुन व्हरांड्यात भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

१० मे.
उद्या नऊला नव्या ओट्यावर दूध उतू घालवायचं, पहिला मान तिचा, असं मी सांगितलं. ती म्हणाली, त्या भितीखाली मी नाई उभी राहत, खुशीलेही जाऊ देत नाई. मले तुमच्यावर भरोसा नाई. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा असं बोलली. ज्या बाईच्या कंबरेसाठी महिनाभर राबलो, तिने हे बोलावं? फार लागलं. जेवलो नाही.

११ मे, संध्याकाळी.
सकाळी नऊला नवी शेगडी आणि दुसरा सिलिंडर जोडून दूध मीच ठेवलं. शकुनला तीनदा हाक मारली. ती व्हरांड्यातून म्हणाली, शिरा लागून राहिला, मी येत नाई. तरी येईलच, आल्यावर तिला उकडू नये, म्हणून बादली घेऊन कूलर भरायला मागे गेलो. बादली ओतत होतो आणि माझ्यासमोर भिंत आत झुकली. सावकाश. मग एकदम खाली. कूलर आपल्या स्टँडवर उभा, चालूच.

नत्थुजींनी धावत येऊन आधी गॅस बंद केला. साक्षगंध त्यांच्याच अंगणात झालं. अकोल्याच्या पाहुण्यांनी शिरा दोनदा घेतला, विटांबद्दल एक शब्द विचारला नाही. भली माणसं आहेत.

नंतर विटा उचलल्या. ग्रॅनाइटचे दोन तुकडे, मधे पातेलं, पापडासारखं चपटं. बरोबर तिथे, जिथे उभं राहायला मी तिला तीनदा बोलावलं. तिने माझं ऐकलं असतं तर.

फाइलवर शेवटचा शेरा लिहायला बसलो. सुचला नाही. शकुनने चहा आणला. मी पिईपर्यंत बशी तिनेच धरून ठेवली.

कूलर काढला. न्हाणीतल्या नळासाठी उद्या माणूस बोलावला आहे. मी हात लावणार नाही.