सत्तावीस खिडक्या आणि एक भिंत

तीर्थरूप दाजी,

साष्टांग नमस्कार. (दोन्ही गुडघे संपावर असल्याने तूर्त षडंगच पोहोचला असे समजावे.)

प्रथम एक गंभीर तक्रार. आपण पाकिटाला इतका डिंक लावता, की उघडताना पत्राचा वरचा भाग पाकिटातच राहतो. ताईची कंबर कशी आहे, हे आपण लिहिले असणारच. ते पाकिटाने वाचले, मी नाही. बांधकाम खात्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाने सिमेंटचा हात कागदावर चालवू नये, ही नम्र विनंती.

इकडे मी आमच्या शाळेच्या दुरुस्ती समितीचा अध्यक्ष झालो आहे. (पात्रता: सभेला वेळेवर पोहोचलो.) पाचवीच्या वर्गाची मागची भिंत, जिच्यावर छप्पर टेकले आहे, तीच तडकली आहे. सुट्टी संपेपर्यंत ती नवी झाली नाही, तर वर्ग बंद आणि मुले हमरस्त्यापलीकडच्या शाळेत. शिक्षण कार्यालय म्हणते, अर्धा खर्च आम्ही देऊ, अर्धा लोकांनी उभारावा, आणि आराखडाही लोकांना विचारूनच करावा. म्हणून विचारले. चुकलो ते पुढे. अंगणात चुन्याने शाळा आखली आणि उत्साहाच्या भरात जाहीर केले, की प्रत्येक दात्याने आपल्या पसंतीच्या जागी एक खिडकी निवडावी, तिच्यावर त्याच्या नावाची पाटी लागेल. झुंबड उडाली. शिंपीबुवांना उजेडाची खिडकी, बेकरीवाल्याला बेकरीसमोरची. निवृत्त पोस्टमन तर चुन्याच्या रेघेवरच ठाण मांडून म्हणाले, "माझी रस्त्याकडेलाच हवी, गुरुजी. मागल्या बाजूला पाटी काय शेळ्या वाचणार?" दिवस मावळेपर्यंत चार खोल्यांना सत्तावीस खिडक्या झाल्या. फळा टांगायला जागा उरली नाही, आणि मागच्या भिंतीला एकही दाता नाही.

शेवटी झाडलोट करणाऱ्या मावशींनी खराटा टेकवून विचारले, "खिडक्या झाल्या मनासारख्या. आता त्या बसवणार कशात?" आधाराविना आधेय नाही (भिंत नाही, तर खिडकीही नाही), हे मी बावीस वर्षे शिकवतो आहे, ऐन वेळी सुचले ते मावशींना. सगळे चपापले, पण खिडकी कोणी सोडेना. मग मीही हट्टाला पेटलो. रोज दारोदार फिरून एकेक खिडकी परत मागितली, म्हणजे तिचे पैसे भिंतीला लागावेत. बेकरीवाल्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले, तेव्हा मी त्याच्या पायरीवरच बसलो. तासभर गिऱ्हाईक मला वळसा घालून जात राहिले. मग तो ओरडला, "उठा हो एकदाचे! घाला माझ्या खिडकीचे पैसे त्या भिंतीत!" (पोस्टमन सर्वांत शेवटी वळले. त्यांच्या नावाची पाटी शाळेच्या वाचनालयाच्या दारावर लावायचे कबूल करावे लागले.)

येत्या रविवारी आम्ही सगळे मिळून जुनी भिंत उतरवणार. सुतार छपराला टेकू देणार आहेत. माघार नाही.

ताईला नमस्कार, भाचरांना आशीर्वाद.

आपला अध्यक्षपदास चढलेला,
शालक

ता. क. : आपण मुद्दाम येण्याची मुळीच गरज नाही. सगळे व्यवस्थित आहे.

ता. क. २ : शनिवारी सकाळची गाडी सोयीची पडते. येताना ओळंबा आणावा.

ता. क. ३ : सुतारांनी काल विचारले, "टेकूंवर छप्पर राहील ना, गुरुजी?" मी सगळ्यांदेखत "राहील" म्हणालो. दाजी, मला ठाऊक नाही. रविवारी त्या छपराखाली चाळीस माणसे उभी राहतील, आणि ती माझ्या शब्दावर उभी राहतील.