पाटावर बसू नका

४ मार्च, पेण
आलो बुवा एकदाचा! छोट्या का होईना, विमान कंपनीत सहवैमानिक म्हणून लागलो, आणि नव्या विमानतळाला जवळ म्हणून कंपनीने राहायला पेणला बंगलाच दिला. मी रोह्याजवळच्या वरशाचा. उडायला शिकण्यासाठी देशभर फिरलो, पण पेणात मुक्काम पहिलाच. आमची उड्डाणं बहुतेक रात्रीची, म्हणून दिवसा झोपायला खिडक्यांना जाड काळे पडदे आहेत. शेजारी गणपतीचा कारखाना. तिथे मूर्तींचे डोळे आखणाऱ्या मैनामावशींच्याच घरून आमचा डबा येतो. आज सोबत पोह्याचे पापड होते. चार खाल्ले, लाजलो नाही.

संध्याकाळी वरशाला, मला वाढवणाऱ्या हौसाताईला फोन केला. वीस तारखेला दिल्लीत तिच्या नातवाचं बारसं. तिने विमान आतून कधी पाहिलेलं नाही. एकोणीसची सकाळची दिल्लीची फेरी नेमकी मलाच लागलीय. तू चालवणार असशील तरच बसेन, म्हणाली. मी शब्द दिला.

८ मार्च
कारखान्यात डोकावून आलो. परदेशी जाणाऱ्या मूर्ती ओळीने उभ्या, सगळ्या बिनडोळ्यांच्या. मावशी ब्रश बाजूला ठेवून खाली बसल्या होत्या. अंगात कणकण होती म्हणे. त्यांच्या कारखान्याची रीतच आहे, ताप असला किंवा जागरण झालं तर डोळे आखायला पाटावर बसायचं नाही, मग बाहेर ट्रक खोळंबला तरी चालेल. मी चेष्टा केली, मावशी, आमच्या कंपनीत असतात तर उपाशी मेला असतात. त्या हसल्या नाहीत. रंग पुसता येतो, चुकलेली नजर नाय, एवढंच म्हणाल्या.

११ मार्च
बंगल्यात माझ्यासोबतच राहणाऱ्या कॅप्टन कमळाकर सरांबरोबर सलग तिसरी रात्र. माणूस गोड, वीस वर्षं उडतोय. पण आज परतीच्या वाटेवर रेडिओवरून कंट्रोलने दोनदा हाक मारली आणि सर गप्प. डोळे टक्क उघडे. शेवटी मीच उत्तर दिलं. उतरल्यावर म्हणतात, ऐकत होतो की! मला काय कुक्कुलं बाळ समजतात?

दिवसा झोप लागत नाही. शेजारी रंग फवारायचं यंत्र घरघरतं. तरी विश्रांतीच्या फॉर्मवर आठ तास लिहिले. सगळेच लिहितात.

१३ मार्च
सर खोकतायत. कचऱ्यात सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट दिसलं. सुस्ती आणणाऱ्या त्या गोळ्या, उड्डाणाआधी सक्त मनाई. आणि फॉर्मवर सही ठोकली, फिट!

मी आता वेळेसकट टिपून ठेवतोय. आजचं : ४.१२, सर दोन मिनिटं बेपत्ता. ४.४०, पुन्हा.

आणखी एक. तेही खिशातल्या वहीत काहीतरी लिहितात आणि मी वळलो की मिटतात. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

१५ मार्च
मलाच ताप. नाक चोंदलंय. आजारी म्हणून कळवलं तर दिल्ली जाईल आणि ताईला दिलेला शब्दही. मागे एकाने कळवलं होतं. ऑफिसातून गोड आवाजात विचारलं, वर्षातली कितवी वेळ? तो अजून घरी बसलाय.

सरांच्या गोळ्या बेसिनवर होत्या. एक घेतली. एकच.

१७ मार्च
सर आंघोळीला गेले तेव्हा त्यांची वही उघडली. पानभर माझंच नाव. तेराची पहाट : जगन, ४.१५, डोळे उघडे, हाकेला ओ नाही. जगन, ४.४३, परत तेच.

मला यातलं काही आठवत नाही. काही म्हणजे काही नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ टिपत बसलो होतो मी!

मान वर केली तर सर दारात. ओरडले नाहीत. म्हणाले, "तुझी वही मी कालच वाचली. तू माझं बोलू नकोस, मी तुझं बोलत नाही."

मी मान हलवली. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मग दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहिल्या. ४.२० ते ४.४०, दोन्हीकडे कोरं. तेव्हा दोघं जागे होतो. नाहीतर दोघंही —

मला भीती वाटतेय.

१९ मार्च, पहाट
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ताप आहेच. दुसरी गोळी.

मैनामावशी डबा घेऊन आल्या. आम्हाला दोघांनाही दिव्याखाली उभं केलं, हनुवटी धरून एकेकाचे डोळे पाहिले. डबा हातात देईनात.

"दोघांच्याबी डोळ्यांत नजर नाय, जगन. आज पाटावर बसू नका."

सर हसले. मीही हसलो.

विमानतळावर ताई भेटली. नवं लुगडं, हातात वालाची पिशवी. गालाला हात लावून म्हणाली, तापलायस. मी म्हटलं, धावपळ गो. चौदाव्या रांगेत बसलीय. खिडकी दिलीय तिला.

७.१०, आकाशात
सरांचे डोळे उघडे. खांदा हलवला. मान डुलली, परत तशीच. लिहीत राहतो. लिहिणारा झोपत नाही —

७.१२
ताईने मागून केबिन क्रूच्या हाती घरचा पापड पाठवला. एक तुकडा मोडून तोंडात —

७.३४
बावीस मिनिटं कुठे गेली? तुकडा जिभेवर तसाच. मऊ पडलाय.
कंट्रोल हाक मारतंय. आमचाच नंबर. कितव्यांदा —

७.३६
उत्तर दिलं. दिलं ना? हाका चालूच आहेत. सरांना हलवायला हवं, हात —
काचेत तोंड दिसतंय. डोळे उघडे. माझेच. माझ्याकडे बघत नाहीत —

दार ठोठावतायत. मागे ताईचा आवाज, जगन, ओ दे रे, जगन — देतोय गो ताई, देतोय, ओठ का हल