सत्तावीस नंबरचा शर्ट

४ फेब्रुवारी

पुन्हा कुलूप तोडलं! ह्या वेळी चष्मेवाल्याचं. महिन्याभरातलं हे चौथं. आम्ही चौकीत तक्रार द्यायला गेलो तर हवालदार म्हणतो, "चांगल्यातलं कुलूप घ्या." म्हणजे चोर बिचारा निर्दोष, कुलपाचाच गुन्हा.

दुपारी सगळे दुकानदार शिंप्याकडे जमलो. एकेक जण नुसता सुस्कारे सोडतोय. शेवटी मीच तोंड उघडलं — कोपऱ्यावरच्या जिमवाल्याकडे दहा-बारा धट्टीकट्टी माणसं दिवसभर वजनं उचलतात आणि खाली ठेवतात. त्यांना द्या की बाजाराचा पहारा! सगळ्यांच्या माना डोलल्या. एकटा हार्डवेअरवाला म्हणाला, "चोरांवर ह्यांचा पहारा. ह्यांच्यावर कुणाचा?" मिठाचा खडा टाकल्याशिवाय त्या माणसाला चैन पडत नाही.

अर्जावर पहिली सही माझी. पहारेकऱ्यांत धाकट्याचं, माझ्या भावाचंही नाव घातलं. आईबाप गेल्यापासून मीच वाढवलाय त्याला, सव्वीस वर्षांचा झाला, आणि माझ्या लाँड्रीचे कपडे घरोघर पोचवून आला की उरलेला वेळ लोळण्यात घालवतो. अंग तरी हलेल.

१९ फेब्रुवारी

दोन आठवड्यांत एकही चोरी नाही. जिमवाल्यानं एका पैशालाही हात लावला नाही. "आपलाच बाजार आहे, बाई," म्हणाला. मी हार्डवेअरवाल्याला मुद्दाम ऐकवलं. त्यानं खिळ्यांची पुडी बांधता बांधता "हूं" केलं.

११ मार्च

दुकानमालकानं छळ मांडलाय. लाँड्रीच्या वाफेनं त्याच्या भिंती खराब होतात म्हणे, महिनाअखेर जागा सोडा. ह्या जागेत बावीस वर्षं झाली, आज भिंती आठवल्या! वकिलाकडे गेले तर तो सहा वर्षं चालणाऱ्या खटल्याच्या गोष्टी करायला लागला.

मग जिमवाल्याकडे गेले. जिमच्या बाहेर एक लाकडी बाक टाकलाय. माझ्या आधी तिथे सात जण. कुणाची सामायिक भिंत, कुणाचा जावई, कुणाचा भागीदार. तो प्रत्येकाचं शांतपणे ऐकतो. मध्ये बोलत नाही, आवाज चढवत नाही. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बघतो." बस्स.

१४ मार्च

मालक आला. उजवा हात गळ्यात बांधलेला. "जिन्यावरून पडलो," म्हणाला. "तुम्ही हवी तितकी वर्षं राहा, बाई." मी बसा म्हणेपर्यंत उभाच होता. हा माणूस! माझ्या दुकानात स्वतःच्या घरासारखा पाय पसरून बसायचा.

खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा मनात आलं ते — बरं झालं! जेवायला बसले तेव्हा ताट तसंच बाजूला सारलं. मी कुठे म्हटलं होतं हात मोडा म्हणून? पण काय करा म्हणूनही सांगितलं नव्हतं. नुसतं "बघा" म्हणाले होते.

२८ मार्च

हल्ली सगळे त्याला "साहेब" म्हणतात. मी इथे जिमवालाच लिहिणार.

९ एप्रिल

बाजारात आता पानही हलत नाही त्याला विचारल्याशिवाय. नवा फळवाला दुकान थाटणार होता, रंगसुद्धा देऊन झाला होता. बाकावरून "नको" आलं, फळवाला सामान घेऊन गेला. चष्मेवाल्याची मुलगी कुठे द्यायची हेही बाकावरच ठरलं. आज बघते तर हवालदार तिथे रांगेत बसलेला, टोपी मांडीवर! कुंपणच शेत खायला लागलंय. आणि ते कुंपण घाला म्हणून सगळ्यांत मोठ्यांदा ओरडले होते मी.

जिमवाल्याला हार्डवेअरवाल्याचं मागचं गोदाम हवंय. कशाला ते कुणी विचारत नाही. हार्डवेअरवाला काल बाकासमोर उभा राहून चारचौघांत म्हणाला, "किल्ली मिळणार नाही. आणि तुमच्या ह्या बाकाला मी कोर्ट मानत नाही." हे मला धाकट्यानं सांगितलं. सांगताना भात चिवडत होता.

मी म्हटलं, "तू सोड ते सगळं. उद्यापासून दुकानात ये."

"सोडतो म्हणणाऱ्याचं काय होतं ते तू पाहिलं नाहीस, ताई. मी पाहिलंय."

मला माझा धाकटा परत हवाय. बाकी सगळा बाजार चुलीत जाऊ दे.

१६ एप्रिल

हार्डवेअरचं दुकान कालपासून बंद. शटरवर कागद — "बाहेरगावी गेलो आहे". त्याच्या बायकोला, वहिनींना विचारलं. "हो, बाहेरगावी," म्हणाल्या. बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या. गेल्या पंधरा वर्षांत तो माणूस बाहेरगावी गेल्याचं मला आठवत नाही.

१७ एप्रिल

धाकटा सकाळी चादरीत बांधलेलं गाठोडं घेऊन आला. "साहेबांचं काम आहे. पावती फाडू नको, आजच्या आज हवंय." आत शर्ट. "गोदामात रंगकाम केलं, त्याचे डाग पडलेत." रंगकाम! माझ्या डोळ्यांसमोर तीस वर्षं डागच आहेत. कापड कडक झालेलं, कडेला तपकिरी. ह्या डागाला गरम पाणी चालत नाही, लावलं की जन्माचा बसतो. गार पाणी, मीठ, मग साबण. मी आपणहून गार पाण्याचा नळ सोडला. धाकट्यानं ते बघितलं आणि मान फिरवली.



नाही म्हणता आलं असतं? मालकाचा हात मोडला तो माझ्यासाठीच ना! त्याची परतफेड कधीतरी मागणारच होता. तीन पाण्यांतून काढले, डाग सगळे गेले. किती शर्ट होते तेही मोजलं नाही. पावतीच नाही तर मोजायचं कशाला. त्यांच्याकडे जास्त वेळ बघायचं नव्हतं मला. इतर कपड्यांबरोबर इस्त्री केली, कप्प्यांत लावून टाकले. संध्याकाळी धाकटा पाच शर्ट बांधून घेऊन गेला.

१९ एप्रिल

शनिवारची फेरी. धाकटा नाही, मीच घरोघर कपडे दिले. कंबरेचा काटा ढिला झाला.

२० एप्रिल

वहिनी आल्या. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या. मग पिशवीतून शर्ट काढून काउंटरवर ठेवला. माझीच घडी, माझाच कागद.

"हा काल तुम्ही दिलेल्या कपड्यांत होता."

"मग? तुमचाच असेल."

"आमचाच आहे. मंगळवारी अंगात घालून गेले होते ते. हे बटण मी निळ्या दोऱ्यानं लावलं, पांढरा संपला होता म्हणून."

कॉलर उलटी करून बघितली. आत काळ्या शाईत सत्तावीस. लाँड्रीत प्रत्येक घराला नंबर असतो, कॉलरच्या आत न जाणाऱ्या शाईनं घातलेला. इस्त्री झाली की मी नंबर बघते आणि त्या घराच्या कप्प्यात कपडा टाकते. बघते म्हणजे काय — हात बघतो, डोकं कुठेतरी भलतीकडेच असतं. गाठोड्यातला तो शर्ट ह्या हातांनी उचलला, सत्तावीस बघितला आणि सत्तावीसच्या कप्प्यात ठेवला. तीस वर्षांत एक कपडा इकडचा तिकडे गेला नाही म्हणून मी केवढी फुशारकी मारते! आणि आज एका बाईच्या नवऱ्याचा शर्ट धुऊन, इस्त्री करून तिच्याच हातात दिला.

"कुणी आणला हा?" त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडून काय निघावं? "जुना राहिला असेल, वहिनी. कप्प्यात मागे पडलेला."

त्या भांडल्या नाहीत. शर्ट परत पिशवीत घातला. दारातून वळून म्हणाल्या, "तुम्हालाही एक भाऊ आहे." आणि गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या मी.

२१ एप्रिल

जिमवाला स्वतः आला. आजपर्यंत कधी पायरी चढला नव्हता. मागे धाकटा.

"छान धुतलेत, बाई. एकही डाग नाही." मग कप्प्यांवरून नजर फिरवत, "गाठोड्यात किती होते?"

"पाच."

"मोजले होते?"

"मी सोडलं तेव्हा पाच होते. पाचच परत केले." इस्त्री तापलेली होती, तिच्याकडे बघत बोलले. इस्त्री घट्ट धरून ठेवली.

"एक उगाच त्यांच्यात गेला असेल असं वाटलं. जाळायचा होता." हसला. "असू दे. सापडला तर ह्याच्याकडे द्या." धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला घेऊन गेला. धाकट्याचा चेहरा पिठासारखा पांढरा.

म्हणजे धाकट्याला ठाऊक आहे. कुठला शर्ट ते ठाऊक आहे!

२२ एप्रिल

धाकटा घरी आला तेव्हा दाराला आतून कडी घातली आणि त्याच्यासमोर बसले. "बोल."

"त्यांनी माझा आवाज ऐकून दुकानाचं दार उघडलं, ताई. दुसऱ्या कुणाला उघडलं नसतं. मी म्हटलं, काका, कपडे आणलेत."

"मग?"

"मग गोदामात नेलं. मारलं."

"मग?"

"पुढचं विचारू नकोस."

"मेले का ते?"

माझे दोन्ही हात धरले, लहान होता तेव्हा ताप आला की धरायचा तसे. "थोडे दिवस कळ काढ. कुणाला काही सांगू नकोस. माझ्यावर विश्वास आहे ना?"

मी हात सोडवून घेतले. विश्वास! ज्याला मी बोट धरून चालायला शिकवलं त्यानं त्या माणसाला "काका" म्हणून हाक मारली आणि मारेकऱ्यांना दार उघडून दिलं. मला भडभडून आलं. रडू त्या माणसासाठी होतं की माझ्यासाठी, कुणास ठाऊक.

२३ एप्रिल

काही खाल्लं नाही. दुकान उघडलं नाही. धाकट्याशी बोलले नाही.

आज सांगितलं तर त्याला तुरुंग. नाही सांगितलं तर पुढच्या वेळी जिमवाला त्यालाच कुणाचा तरी जीव घ्यायला लावेल, आणि मग तो माझा उरणारच नाही. तुरुंगातून माणूस परत तरी येतो.

२४ एप्रिल

वहिनींना घेऊन पोलिसांच्या मोठ्या कचेरीत गेले. इथल्या चौकीत जाऊन उपयोग नाही, तिथला हवालदार बाकावरचा. दीड तासाचा प्रवास, दोघी शेजारी बसलो. शर्ट त्यांच्या मांडीवर.

तिथल्या अधिकाऱ्यांनी सगळं लिहून घेतलं. पहारा, बाक, मालकाचा हात, गाठोडं, सत्तावीस नंबर. "गाठोडं कोणी आणलं?" त्यांनी विचारलं. मी धाकट्याचं पूर्ण नाव सांगितलं. "दार कोणी उघडायला लावलं?" पुन्हा तेच नाव. आईनं ठेवलेलं नाव. सही करताना अक्षर इतकं वाकडं आलं की त्यांनी दुसऱ्यांदा करायला लावली.

बाहेर आल्यावर वहिनींनी माझा हात हातात घेतला. मी घेऊ दिला.

२६ एप्रिल

पहाटे सहाला जिमवाला, धाकटा आणि आणखी तिघं, अशा पाच जणांना उचललं. बाहेरून तीन गाड्या आल्या होत्या. बाजार बघत उभा, पण कुणी शटर वर करेना. शिंपी माझ्याकडे बघून कुजबुजला, "तुम्ही सांगितलंत?" आणि लगेच दोन पावलं मागे सरकला. अजून भीती जात नाही. बाक तिथेच आहे. त्यावरून जाताना लोक अंग चोरतात.

दुपारी इथल्याच ठाण्यात डबा घेऊन गेले. गजाआड पाचही जण एकाच खोलीत. जिमवाला भिंतीला टेकून धाकट्याच्या खांद्यावर हात टाकून बसलेला, त्याला धीर देत होता म्हणे. मला नमस्कार केला! धाकटा गजांपाशी आला. डबा घेतला. काहीतरी बोलायचं होतं त्याला, ओठ हलले, मग मागे बघितलं आणि गप्प झाला. नुसतं म्हणाला, "कळ काढायला सांगितली होती ना, ताई."

जबाब सोमवारी घेणार आहेत, एकेकाला वेगळं बोलावून. सोमवार यायला दोन दिवस. मी बरोबर केलं. बरोबरच केलं.

२७ एप्रिल

हार्डवेअरवाला आला! जिवंत! भर दुपारी, बाजाराच्या मधोमध चालत. डोळ्याखाली काळंनिळं, अंगात धाकट्याचा चौकड्याचा शर्ट. पायरीवरच हात जोडले. "तुमच्या भावानं वाचवलं, बाई. मला संपवायला साहेबानं त्याला एकट्याला पाठवलं होतं. त्यानं माझा शर्ट काढून घेतला, साहेबाला दाखवायला. स्वतःचा मला घातला आणि बसमध्ये बसवलं. म्हणाला, काकूंनाही कळवू नका, त्यांचा चेहरा खोटं बोलणार नाही. आज पेपरात वाचलं साहेब आत गेला, म्हणून आलो."

"वाटेत कुणाला भेटलात?"

"सगळ्यांना. ठाण्यावरूनच आलो. आपल्या हवालदाराला सांगितलं सगळं, तो आनंदानं आत पळाला, कोठडीतल्यांना सांगायला."

हे ठाण्याच्या बाकावर बसून लिहितेय, रोजनिशी पिशवीतच होती. अधिकारी जेवायला गेलेत. कोठडीची किल्ली त्यांच्याकडे आहे. आत पाचही जण अजून एकाच खोलीत आहेत.