ओट्याखालचं पातेलं

आर्णी, रविवार, संध्याकाळ

माझ्या लेकीनं, सईनं पसंत केलेल्या मुलाची आई आज पुण्याहून तिला बघायला आली होती. माझ्या आईनं सकाळीच वजडी, म्हणजे बोकडाचं पोट-आतडी, आणून चुना लावून धुतली, शिजवली. "नातीच्या बोलणीले वजडी पायजेच," म्हणाली. मी पातेलं झाकून ओट्याखाली ढकललं आणि काचेच्या वाडग्यात काकडी-डाळिंबाची कोशिंबीर मांडली. तुपाची फोडणी, वर बदामाचे काप.

पाहुणीनं विचारलं, "वास कशाचा येतोय?"

"शेजारच्यांकडचा असेल," मी म्हणाले. का म्हणाले? आई पाणी घेऊन तिथंच उभी होती.

पाहुणी हळूच म्हणाली, "वजडी वाटते. कित्येक वर्षांत खाल्ली नाही. शेजारणीकडे वाटीभर मिळेल का?"

सई माझ्याकडे बघत राहिली. मी वाटी घेऊन उठले खरी, पण जाऊ कुठे? दाराकडे की ओट्याकडे?

आईच खाली वाकली. पातेलं बाहेर काढलं. "शेजारीण म्हंजे मीच, बाई. बसा, वाढतो."

सगळे हसले. पाहुणीनं दोनदा वाढून घेतली, सोयरीकही जमली.

आई एकटीच पातेलं घासते आहे. मी मदतीला गेले, तर म्हणाली, "राहू दे, शेजारणीचं हाय."