अर्ध्या मिनिटाचा श्वास

बाई, आज तुमच्याशी भांडायचं म्हणून बसले, आणि कागद समोर घेतल्यावर भांडणच सुचेना. मी आता खेळाडूंची तपासणी करते. खोलीत सायकल जागच्या जागी पक्की बसवलेली, तिच्यावर एखादी मुलगी, तोंडावर मुखवटा, मुखवट्याची नळी श्वासातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रात. मी "मार!" म्हटलं की तिनं अर्धं मिनिट जीव खाऊन पायडल मारायचं. संपलं की पोर हँडलवर ओणवी पडते. पाय थांबलेले, छाती मात्र भात्यासारखी चालूच, कितीतरी वेळ. रोज बघते, तरी रोज अंगावर काटा येतो. आणि रोज तुमची आठवण येते.

बदलापूरच्या शाळेत तुम्ही आम्हाला नववीला विज्ञान शिकवायचात. अंबरनाथला एमआयडीसीच्या रस्त्यावर, सुट्टीच्या दिवशी ट्रक नसताना, शाळांच्या सायकल शर्यती ठरल्या आणि मुलींच्या सगळ्यात छोट्या शर्यतीत तुम्ही माझं नाव घातलंत. मग फळ्यावर दोन चौकोन काढलेत, मधे रेघ. डावीकडे ‘ऑक्सिजनविना’, उजवीकडे ‘ऑक्सिजनसह’. सुरुवातीला स्नायू स्वतःजवळ साठवलेलं वापरतात, त्याला ऑक्सिजन लागत नाही. छोटी शर्यत डाव्या चौकोनातच संपते, म्हणालात. झालं! मी मोठी हुशार ना. लागतच नाही तर श्वास घेण्यात वेळ कशाला घालवा? जांभूळ गावाच्या रस्त्यावर सराव करताना नाकतोंड मिटून सायकल हाणली. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी थेट कापणी झालेल्या खाचरात. गवताची बैलगाडी नेणाऱ्या एका काकांनी मला घरी आणून ओटीवर झोपवलं.

आईनं खरचटलेल्या ठिकाणी हळद भरली, भरता भरता शिव्या घातल्या, मग रडली. आणि माझी सायकल बैलाच्या दाव्यानं गोठ्यातल्या खुंटाला बांधून टाकली. आमच्या घरात आईनं बांधलेलं दावं बाबासुद्धा सोडत नसत. शर्यत तोंडावर आलेली. मी जेवायची नाही म्हणून फुगून बसले, तर म्हणाली, "नको जेवू. जिती तरी ऱ्हाशील."

मग तुम्ही मांजर्लीला आमच्या घरी आलात. आईनं तुम्हाला चुलीपुढे पाट दिला, कोरा चहा दिला आणि तोंडावर सांगितलं, "बाय, तुमी शिकलेल्या. पन माझी एकच पोर हाय. तिचं काळीज कच्चं हाय. मना तिला मारायची नाय."

"काळीज चांगलं आहे तिचं. शिकवण्यात मी चुकले," तुम्ही म्हणालात.

"मग सायकल मारून आली का कुत्र्यावानी धापते, ती कशी? आमी दिसभर शेतात वाकतो. आमी नाय धापत!"

मला वाटलं, आता तुम्ही फळा मागणार. तुम्ही कप खाली ठेवलात. "तुम्ही बसता का सायकलवर?"

"बसते. भिते काय!"

आई जन्मात सायकलवर बसली नव्हती. दावं तिनं सोडू दिलं नाहीच. सायकल स्टँडवर चढवलेली, खुंटाला बांधलेली, आणि वर आई. लुगड्याचा काष्टा होताच, त्यामुळे पाय मोकळे. मागचा ब्रेक मी अर्धा दाबून धरलेला, म्हणजे चाक जड जावं. तुम्ही म्हणालात, "हां, मारा!" पहिले चार-पाच फेरे ती हसत मारते आहे. मग हसू गेलं. दात आवळले. चाक घुमायला लागलं, कोंबड्या पळाल्या, खुंट हलायला लागला. "श्वास घ्या, श्वास घ्या!" तुम्ही ओरडताय. "पाय जळतान गो बाय, ऐकत नाय!" ती ओरडली, तरी थांबेना. शेवटी तुम्हीच "बास" म्हणालात. तुम्ही तिला धरून उतरवलंत आणि पेंढ्यावर बसवलंत. ती नुसती धापत होती. तिचाच हात उचलून तुम्ही तिच्या छातीवर ठेवलात.

"पाय थांबले ना? मग हे कशाला चाललंय? इतक्या जोरात जे खर्चलं, ते आत पुन्हा भरायला."

आईचा श्वास हळूहळू खाली बसला. "म्हंजे मी बसलेली, तरी आत काम चाललंय?"

"हो."

"कोन करतंय?"

तुम्ही तिच्या छातीवरचा तिचाच हात हलकेच दाबलात. मग म्हणालात, "तुम्हीच."

आई आपल्या छातीकडे बघत बसली. मग उठली आणि स्वतःच्या हातानं दावं सोडलं.

शर्यतीत मी तिसरी आले. आई रस्त्याच्या कडेनं "श्वास घे गो!" म्हणून बोंबलत होती आणि लोक हसत होते. मी कॉलेजात असतानाच तुम्ही गेलात. म्हणून हे सांगायचं राहिलं. बाई, तुमच्या फळ्यावरची ती मधली रेघ नाहीच हो! यंत्रावर मला दिसतं, पहिल्या पायडलापासूनच शरीर जास्त ऑक्सिजन घ्यायला लागतं. जोर बराचसा साठवणीतल्याच्या जिवावर, पण सोबत ऑक्सिजनही, क्षणाक्षणाला वाढत जाणारा. दोघं पाळीपाळीनं येत नाहीत, एकदमच कामाला लागतात. आपल्याला न विचारता, न सांगता! तुमचा दोष नाही, तेव्हा पुस्तकातच तसं होतं. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीवर नुसती बसून राहिले. वाटलं, धावत सुटावं तुमच्या घराकडे. तुम्ही म्हणाला असतात, "अगं बाई, दाखव, दाखव!"

हे पत्र कुठं धाडायचं नाही, कुणी वाचायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. आई पेंढ्यावर बसून धापत होती, केस सुटलेले, तोंड लालबुंद, तेव्हा तुम्ही तिच्याकडे बघत होतात. डोळ्यांत पाणी होतं तुमच्या. तसं तुम्ही माझ्याकडे कधीच बघितलं नाहीत, मी तिसरी आले तेव्हाही नाही. मला आईचा हेवा वाटला, बाई. अजून वाटतो.